पाड्यापुरता बदल

नंदुरबार जिल्ह्याच्या आरोग्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोनच सुरांत. पहिला सूर आकडेवारीचा आणि हळहळीचा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, आणि दर दहांतले जवळजवळ सात जण अनुसूचित जमातींचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, इथली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. दर पावसाळ्यात धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून गरोदर बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याचे छायाचित्र छापून येते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, उत्तर दिले जाते. दुसरा सूर कौतुकाचा. २०२० साली टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत नर्मदेकाठच्या पाड्यांवर बाळांची वजने घ्यायला जात होत्या. त्यांच्याविषयी देशभर लिहून आले, आणि ते यायलाच हवे होते. दोन्ही सुरांत खोटे काही नाही. पण दोन्ही प्रकारचे लेखन वाचून झाल्यावर धडगावच्या ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या परिचारिकेला उद्या कामावर गेल्यावर नेमके काय वेगळे करायचे, हे कळत नाही. प्रस्तुत पुस्तक तिच्यासाठी आहे, आणि तिच्यासारख्या आशा, आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी यांच्यासाठी.

या पुस्तकामागचे म्हणणे थोडक्यात मांडता येते. बाळ जन्मल्यापासून काट्यावर ठेवले जाईपर्यंत किती वेळ जातो, रक्तातले हिमोग्लोबिन (एचबी) तपासल्यावर निकाल त्या बाईपर्यंत पोहोचतो की रजिस्टरात थांबतो, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण गोळ्या संपल्यावर परत येतो का आणि येत नसेल तर कुठे अडतो, अशा शेकडो बारीक कृतींनी मिळून आरोग्यसेवा बनते. यातल्या बऱ्याच कृती तिथे काम करणाऱ्यांनाच बदलता येतात. तो बदल एका पाळीपुरता, एका पाड्यापुरता, तीन रुग्णांपुरता करून पाहता येतो, मोजता येतो, आणि जमला नाही तर दुसऱ्या दिवशी मागे घेता येतो. बदल लहान असणे ही सोय आहे; तो तपासलेला असणे ही अट आहे. आणि तपासणे याचा अर्थ, बदल करण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवणे आणि अंदाज चुकल्यास आपलीच कल्पना टाकून देणे. आपल्या आरोग्यव्यवस्थेत पैसा कमी आहे, माणसे कमी आहेत, हे सगळे खरे. पण एखादी कल्पना चुकीची निघण्याला तिच्यात जागाच ठेवलेली नाही, ही उणीव त्याहून कमी बोलली जाते.

पद्धतीचा सांगाडा फार साधा आहे. आधी तीन प्रश्न: आपल्याला नेमके काय साधायचे आहे, सुधारणा झाली हे कशावरून ओळखणार, आणि कोणत्या बदलाने ती होईल असे आपल्याला वाटते. मग चार पायऱ्यांचे चक्र: आखणी, कृती, पडताळणी आणि पुढचा निर्णय. सरकारी प्रशिक्षणांत याला पीडीएसए म्हणतात. नावापेक्षा उदाहरण बरे. दुर्गम भागातल्या गरोदर बायांनी प्रसूतीच्या आधी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन राहावे म्हणून राज्यात माहेरघर योजना आहे. समजा, अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या एका केंद्रातली माहेरघराची खोली वर्षातले बरेच महिने रिकामी असते. नेहमीचा उपाय ठरलेला: वरून पत्र येते, आशांची बैठक होते, जनजागृती करा असे सांगितले जाते आणि बैठकीचे इतिवृत्त लिहिले जाते. या पद्धतीने जाणारा वैद्यकीय अधिकारी आधी गेल्या काही महिन्यांत घरी बाळंत झालेल्या बायांशी आणि त्यांच्या सासवांशी बोलेल. कारणे निरनिराळी निघतील. शेळ्या कोण बघणार, ही एक अडचण. केंद्र कसे आहे हे सासूने कधी पाहिलेलेच नाही, ही दुसरी. सांगितलेली तारीख कॅलेंडरातली, आणि घरात दिवस मोजतात ते आठवडी बाजारावरून, ही तिसरी. आता यातले एकच कारण निवडायचे आणि एकाच आशाला सांगायचे की तुझ्या पाड्यावरच्या पुढच्या तीन बायांना सातव्या महिन्याच्या तपासणीला आणशील तेव्हा सासूलाही बरोबर आण, खोली दाखव, चूल दाखव, आणि निघण्याचा दिवस मोलगीच्या बाजाराच्या हिशेबाने सांग. अंदाज आधी वहीत लिहायचा: तिघींपैकी दोघी येतील. एकच आली, तर उरलेल्या दोघींना विचारायचे. कदाचित कळेल की सासू तयार होती, पण आणायला गाडीच आली नाही. म्हणजे आपला अंदाज चुकला, आणि दुसरे चक्र गाडीवर फिरवायचे. तीन-चार चक्रांनंतर जे हाती लागते ते दुसऱ्या पाड्यावर, दुसऱ्या आशाच्या हातून, ऐन पावसाळ्यात टिकते का ते पाहायचे. तिथेही टिकले तर मग सगळ्या केंद्रासाठी ठरवायचे. यात अनुदान लागत नाही, शासन निर्णय लागत नाही; लागते ती एक वही आणि चुकण्याची मोकळीक.

कोणी म्हणेल, हे तर आपल्याकडे पूर्वीपासून चालते. प्रत्येक योजनेचा पथदर्शी प्रकल्प होतोच की. दिसायला दोन्ही सारखे असले तरी स्वभाव उलटा आहे. पथदर्शी प्रकल्पाचे उद्घाटन होते, त्याला विशेष अधिकारी मिळतो, जास्तीचा निधी मिळतो, मोटार मिळते, आणि तो यशस्वी झाल्याचा अहवाल कधी द्यायचा हे सुरुवातीलाच ठरलेले असते. अशा प्रकल्पातून एकच गोष्ट सिद्ध होते: भरपूर लक्ष दिले तर काम होते. ते सगळ्यांना आधीच ठाऊक होते. ज्या चाचणीला नापास होण्याची परवानगी नाही तिच्यातून शिकायला काही मिळत नाही, आणि मग तोच नमुना सबंध राज्याला लागू करणारा जीआर निघतो. नवापूरच्या सपाटीवर जमलेली गोष्ट तोरणमाळच्या पठारावर का फसली, याचे उत्तर मग कर्मचाऱ्यांच्या अनास्थेत शोधले जाते. मोजून, छोट्या प्रमाणावर, निरनिराळ्या परिस्थितीत बदल तपासला असता तर हे उत्तर आधीच हाती आले असते, तेही स्वस्तात.

या विचाराचा उगम दवाखान्यात झाला नाही, कारखान्यात झाला. अमेरिकेत टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शुहार्ट यांनी मे १९२४ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक टिपण पाठवले. त्यात एक आलेख होता, आणि पुढे त्याला नियंत्रण-आलेख हे नाव मिळाले. कोणत्याही कामाचे मोजमाप रोज थोडे खाली-वर होणारच. त्यातला नेहमीचा चढउतार कोणता आणि काहीतरी खरोखर बदलल्याची खूण कोणती, हे वेगळे कसे करायचे, हा शुहार्ट यांचा प्रश्न होता. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७-४८ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतात येऊन गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नाही. त्यांचे सहकारी डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले आणि तिथल्या उद्योगांनी त्यांचे ऐकले. आपण शुहार्टना बोलावले, संख्याशास्त्राची उत्तम संस्था उभारली, पण ते आलेख जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीपर्यंत पोहोचले नाहीत.

वैद्यकात मोजून सुधारण्याची धडपड त्याच्याही आधीची आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात एप्रिल १८४७ मध्ये बाळंत होणाऱ्या शंभर बायांपैकी अठराहून अधिक दगावत होत्या. तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी मेच्या मध्यापासून डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनपासून हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले. इतका ढळढळीत पुरावा असूनही सहकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. सुधारणेच्या अभ्यासकांना ही कथा प्रिय आहे ती हात धुण्यासाठी. मला तिचा दुसरा भाग अधिक उपयोगी वाटतो. ज्यांचे हात धुवायचे होते त्यांना मोजमापात सहभागी करून घेतलेच नव्हते, आणि नुसत्या आकड्यांनी माणसे वळत नाहीत. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडे चित्रात मांडून राज्यकर्त्यांना पटवले, ती याच अडचणीवरची वाट होती. १९६६ मध्ये अवेडिस डोनाबेडियन यांनी गुणवत्तेकडे पाहण्याच्या तीन बाजू सांगितल्या: साधने कोणती, काम कसे होते, आणि रुग्णाचे पुढे काय झाले. आजही रुग्णालयाच्या तपासणीचा कोणताही तक्ता उघडा, त्याखाली हीच मांडणी सापडते. कारखान्यातला विचार आणि दवाखान्यातला विचार यांची गाठ पडली ती १९८०-९०च्या दशकांत. डॉन बर्विक यांच्या पुढाकाराने बॉस्टनमध्ये १९९१ साली आरोग्यसेवा सुधारणेची संस्था उभी राहिली, आणि वर सांगितलेले तीन प्रश्न आणि चार पायऱ्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकामुळे जगभर गेल्या.

महाराष्ट्रात मात्र दुसरी एक परंपरा समांतर चालू होती, आणि नंदुरबारच्या वाचकाला ती जास्त जवळची वाटेल. १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर, बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना एक अडचण सोडवली, ती या विषयातला वस्तुपाठ आहे. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण मोजणी न येणाऱ्या दाईने पन्नास-साठपर्यंत मोजायचे कसे? त्यांनी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया. तान्ह्या बाळाची ओळ वेगळी, दोन महिन्यांवरच्या मुलाची वेगळी. इथे दाईला शाळेत घातले नाही, काम तिच्या हाताला येईल असे बदलले. पुढे त्यांचे घरोघरच्या नवजात बालसेवेचे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांत ही सेवा देऊन ४७ गावांशी तुलना केली होती, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून आशांमार्फत ती सेवा देशभर सुरू झाली. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागात ‘एकजुट’ या संस्थेने बायांचे गट बसवून, त्यांनीच अडचण ओळखायची, उपाय ठरवायचा, करून पाहायचा, पुन्हा बसून तपासायचा, अशी रीत चालवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांत नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. हे चक्र आणि कारखान्यातले चक्र एकच. फरक इतका की इथे ते गावाच्या हाती होते. या दोन परंपरांतून एक भेद मात्र ध्यानात ठेवायला हवा. गडचिरोलीचा किंवा ‘एकजुट’चा अभ्यास ‘ही सेवा काम करते का’ या प्रश्नाचे उत्तर देणारी मोठी, तुलनात्मक चाचणी होती. हे पुस्तक ज्या लहान चाचण्यांविषयी बोलते त्यांचा प्रश्न त्यानंतरचा आहे: काम करते हे सिद्ध झालेली सेवा माझ्या उपकेंद्रात रोज, न चुकता, कशी घडवायची.

तिसरी धारा सरकारी मानकांची. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके २०१३ मध्ये आली, स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ २०१५ मध्ये, प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ २०१७च्या अखेरीस. यांच्यामुळे रुग्णालये उजळली, नोंदी सुधारल्या, हात धुण्याची सोय झाली, हे मान्य करायलाच हवे. पण मानक हे गाठायचे ठिकाण सांगते, तिथवर जाण्याची वाट सांगत नाही, आणि मूल्यांकनाचा दिवस सरला की भिंतीवरचे तक्तेच मागे उरण्याचा धोका असतो. दिल्लीच्या एम्सने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर तयार केलेला, प्रत्यक्ष कामाच्या जागीच सुधारणा शिकवणारा अभ्यासक्रम ही पोकळी भरायला निघाला. नंदुरबारला आणखी एका गोष्टीने घेरले आहे. जानेवारी २०१८ पासून हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादसह. म्हणजे दर महिन्याला क्रमवारी. मोजमापाचे तीन हेतू असतात, हे १९९७ मध्येच सोलबर्ग आणि सहकाऱ्यांनी नीट मांडले होते: संशोधनासाठी, जाब विचारण्यासाठी, आणि सुधारण्यासाठी. जाब विचारण्यासाठी मागितलेला आकडा चांगलाच येतो. त्याला तसे येण्याची सवय लागते. सुधारण्यासाठी घेतलेला आकडा वाईट आला तरच कामाचा. एकाच रजिस्टरातून दोन्ही कामे घ्यायला गेले की आरोग्यसेविका पहिल्या कामाच्या धाकाने दुसरे बिघडवते, आणि त्यात तिचा दोष नसतो. म्हणून सुधारणेची वही वरच्या कार्यालयात पाठवायची नाही, असा एक आग्रह या पुस्तकात आहे. तो काही अधिकाऱ्यांना खटकेल.

या जिल्ह्यातलेच एक उदाहरण सर्वपरिचित आहे. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू तयार करणारे प्लांट उभारले होते, त्यामुळे २०२१च्या एप्रिलमध्ये देशभर हाहाकार उडाला तेव्हा नंदुरबार तुलनेने सावरले. त्या स्वतः वैद्यक शिकलेल्या अधिकाऱ्याची ती दूरदृष्टी होती, आणि वृत्तपत्रांनी तिचे यथायोग्य वर्णन केले. या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच काळातली ‘ऑक्सिजन नर्स’ ही व्यवस्था अधिक बोलकी आहे. ठरावीक रुग्णांमागे एक परिचारिका फक्त प्राणवायूवर लक्ष ठेवणार: पातळी पुरेशी आहे त्याचा प्रवाह कमी करणार, रुग्ण जेवायला किंवा स्वच्छतागृहात गेला तर वाहत राहिलेला प्राणवायू बंद करणार. प्लांट नवीन यंत्र होते. हा होता कामाच्या रीतीतला बदल, आणि तो त्याच रात्री कोणत्याही वॉर्डात करता आला असता. जिल्ह्याबाहेर त्याची दखल घेतली गेली. पण अशी कल्पना दुसरीकडे नेताना तिच्याबरोबर काय पाठवायचे, हा पुढचा प्रश्न आहे. दर रुग्णामागे रोज किती लिटर लागत होते आणि किती लागू लागले, रात्रपाळीत फरक पडला का, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असले की लक्ष सुटते, पातळी घसरल्याचे उशिरा कळण्याचा धोका वाढला का. हे बरोबर गेले तर पाहणाऱ्याला आपल्या वॉर्डासाठी ती कल्पना बदलून घेता येते. नुसता आदेश गेला तर एका परिचारिकेच्या गळ्यात नवे ओळखपत्र पडते.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप असा: जिथे रस्ता नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, तिथे वह्या आणि चक्रे ही चैन आहे, किंबहुना सरकारच्या हातात दिलेली पळवाट आहे. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्यसंस्थांपैकी निम्म्यांत सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी, सोबत मार्गदर्शक देऊन, वापरून पाहिली गेली. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांचा तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकांचे आचरण स्पष्ट सुधारले, आई-बाळाचे मृत्यू मात्र घटले नाहीत. मार्गदर्शकांच्या भेटी विरळ झाल्या तसे आचरणही थोडे घसरले. याचा अर्थ सरळ आहे: हात धुतले, रक्तदाब घेतला, पण गुंतागुंत झाल्यावर पुढे पाठवायला जागा नसेल तर चांगल्या सवयी एकट्या पुरत नाहीत. तेव्हा लहान बदल रस्त्याची जागा घेतात असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण या आक्षेपाचा पुढचा टप्पा, की म्हणून आधी साधने येऊ द्या आणि मग रीत सुधारू, हा मला मान्य नाही. साधने आल्यावर ती वापरात येतातच असे नाही, हे वर कल्पिलेल्या रिकाम्या माहेरघरावरून ध्यानात यावे. शिवाय जो केंद्रप्रमुख प्रत्येक अडलेल्या बाळंतपणात गाडी बोलावल्याची आणि गाडी पोहोचल्याची वेळ सहा महिने लिहून ठेवतो, त्याची गाडीची मागणी ‘वाहनांची कमतरता आहे’ या वाक्यापेक्षा टाळायला अवघड असते. रीत तपासण्याने साधनांची मागणी बोथट होत नाही, तिला धार येते.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. या पद्धतीचा पुरावा तिच्या प्रचाराइतका बळकट नाही, असे म्हणणाऱ्यांकडे आधार आहे. २०१४ मध्ये झालेल्या एका आढाव्यात पीडीएसए वापरल्याचा दावा करणारे ७३ लेख तपासले गेले. एकामागून एक चक्रे खरोखर फिरवल्याची पूर्ण नोंद त्यांतल्या पाचांपैकी एकातही धड नव्हती. मिशिगनच्या अतिदक्षता विभागांत शिरेतल्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोच कार्यक्रम इंग्लंडने उचलला तेव्हा संसर्ग कमी झाला खरा, पण ज्या विभागांत कार्यक्रम अजून पोहोचला नव्हता तिथेही तितकाच होत होता. यावरून पद्धत टाकाऊ ठरत नाही. चक्राचे नाव घेऊन एकदाच काहीतरी करणे आणि त्याला सुधारणा म्हणणे टाकाऊ ठरते, आणि आसपास आपोआप काय बदलते आहे ते न पाहता आलेख काढणे टाकाऊ ठरते.

हा शेवटचा मुद्दा नंदुरबारमध्ये विशेष जपायला हवा, कारण इथला काळ सरळ रेषेत चालत नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला, शेतीकामाला, बांधकामावर जातात. काही होळीला परततात, काही पावसाच्या तोंडावर. एखाद्या अंगणवाडीत ऑगस्टमध्ये तीव्र कुपोषित मुले अधिक आणि डिसेंबरमध्ये कमी दिसली, तर ग्राम बाल विकास केंद्राच्या आहारामुळे मुले सुधारली, की ती मुले आता सुरत जिल्ह्यातल्या एखाद्या फडावर आहेत, हे टक्केवारीतून कळत नाही. त्यासाठी मुलांच्या नावांनिशी यादी हवी आणि ‘स्थलांतरित’ हा रकाना रिकामा सोडायचा नाही. आजारांचेही ऋतू आहेत. पावसाळ्यात हगवण-ताप वाढणार, धान्य संपणार, वजने उतरणार. म्हणून जुलैत सुरू केलेला कोणताही उपाय नोव्हेंबरात यशस्वी दिसतो, आणि जानेवारीत सुरू केलेला उत्तम उपायही पावसाळ्यात फसलेला दिसू शकतो. आलेख निदान मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडायला हवा. दुसरी अडचण संख्येची. उपकेंद्रात महिन्याला चार-पाच बाळंतपणे होत असतील तर एका घटनेने टक्केवारी वीस-पंचवीसने उडते आणि बैठकीत एकाला शाबासकी, दुसऱ्याला नोटीस मिळते, तीही योगायोगाच्या नावावर. अशा जागी टक्केवारी सोडून दोन घटनांमधले दिवस मोजावेत: घरी झालेल्या मागच्या बाळंतपणाला किती दिवस लोटले, पुढचे किती दिवसांनी झाले. आणि एखाद-दुसरा बिंदू वर गेला म्हणून हुरळून जाऊ नये. सलग सहा बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी बदलले असे मानावे. शुहार्ट यांच्या आलेखाचा हा गरीब भाऊ पेन्सिलीने काढता येतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: आदिवासींवर प्रयोग. या शंकेला इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींवर झालेला एचपीव्ही लशीचा उपक्रम थांबवावा लागला, आणि आश्रमशाळांतल्या मुलींची संमती वसतिगृहप्रमुखांच्या सह्यांनी घेतल्याबद्दल संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. तेव्हा सीमा स्पष्ट आखली पाहिजे. ज्या औषधाचा, लशीचा, उपचाराचा गुण अजून ठरायचा आहे त्याची चाचणी हा या पुस्तकाचा विषय नाही; तिला आचारसमिती आणि लेखी संमती हवी, इथे आणि मुंबईतही. ज्या सेवेवर त्या बाईचा हक्क आधीच मान्य झाला आहे, ती तिच्यापर्यंत पोहोचवण्याची रीत तपासणे हा विषय आहे. पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही. रीत बदलल्याने कुणाचे नुकसान होते का, हे मोजणे चक्राचाच भाग असले पाहिजे. सासूला केंद्र दाखवायला आणल्याने तिची दिवसाची मजुरी बुडाली, तर ते नुकसान वहीत यायला हवे. आणि ज्यांच्यासाठी बदल करायचा त्यांना तो पावरीत, भिलीत, मावचीत समजावून, त्यांचे ‘नको’ ऐकून घेतल्याशिवाय आखणी पुरी झाली असे समजू नये. आशाच्या वेळेचेही तसेच. नवा बदल तिच्या डोक्यावर टाकताना जुने कोणते काम उतरवले, याचे उत्तर नसेल तर तो बदल सुरू करू नये.

हे सगळे आज लिहिण्याला निमित्त आहे. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे याच जिल्ह्यात शिकणारे, कदाचित इथेच राहणारे डॉक्टर घडू लागले आहेत. त्यांना न्यूमोनियाचे निदान शिकवले जाते, पण आपल्या वॉर्डातल्या न्यूमोनियाच्या मुलाला पहिला डोस मिळायला किती तास लागतात हे मोजायला कोणी शिकवत नाही. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत या आजाराचे वाहक मोठ्या संख्येने असल्याने तिचा भार इथे जास्त. मोहिमेत तपासण्यांची संख्या वेगाने वाढते, कारण ती मागितली जाते. वेदनेच्या झटक्याने आलेल्या मुलाला वेदनाशामक किती मिनिटांत मिळाले, हायड्रॉक्सियुरिया हे औषध सलग सहा महिने किती जणांनी घेतले, हे मागितले जात नाही, म्हणून मोजले जात नाही. मोहीम ताजी आहे तोवरच हे आकडे रजिस्टरात शिरू शकतात. एकदा नमुना छापून आला की पुढची दहा वर्षे तोच चालतो.

तयार उपायांची यादी या पुस्तकात नाही, आणि ती शोधणाऱ्याची निराशा होईल. त्यात बदल कसा निवडावा, अंदाज कसा लिहावा, किती लहान चाचणी पुरे, आलेख कसा वाचावा, कधी थांबावे, याचा विचार आहे, आणि तो प्रसूतिकक्ष, नवजात बालके, कुपोषण, सिकलसेल आणि रुग्णवाहन या पाच क्षेत्रांच्या आधाराने केलेला आहे. फसलेल्या चक्रांना जमलेल्यांइतकीच पाने दिली आहेत. वाचकाने ती वगळू नयेत; माझ्या मते पुस्तकाचा तोच अधिक उपयोगी भाग आहे. पारिभाषिक शब्द शक्यतो कामाच्या जागी बोलले जातात तेच ठेवले आहेत, मग ते इंग्रजीतून आलेले का असेनात.

काही गोष्टी सुटल्या आहेत. इथले रुग्ण मोठ्या संख्येने सीमा ओलांडून व्यारा आणि सुरतेच्या दवाखान्यांत जातात, आणि त्याआधी बहुतेकदा भगताकडे. सरकारी रजिस्टरात या दोन्ही मुक्कामांची नोंद नसते, त्यामुळे उशीर कुठे झाला याचा हिशेब अर्धाच लागतो. खासगी दवाखान्यांतल्या रीती तपासण्याचे साधनही अजून कोणाच्या हाती नाही. पुढच्या आवृत्तीत हा भाग यायचा असेल तर तो नवापूर आणि अक्कलकुवा तालुक्यांत सीमेवर काम करणाऱ्यांनीच, दोन्ही राज्यांतल्या कागदांवरून एकाच रुग्णाचा माग काढत, लिहायला हवा.